चिकट रबर आणि फिरकीचा हात

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा पेंच उत्पन्न झाला. आमचे धाकटे बंधू, त्यांचीं मुलें, आमचीं मुलें आणि आमच्या मातोश्री असे आम्ही सर्व एकत्र राहतों. आणि एकत्र कुटुंबांत कोणतीहि खरेदी एकट्याची नसते, हें आमच्या बहुतेक वाचकांस स्वानुभवानें ठाऊकच आहे. आमचा पुतण्या चौदा वर्षांचा. टेबल टेनिसचें त्यास मोठें वेड. जिल्ह्याच्या निवडीसाठीं शाळेनें त्याचें नांव पाठविलें होतें व निवड अवघ्या तीन महिन्यांवर येऊन ठेपली होती. एके रात्रीं सर्व मंडळी पानावर बसलीं असतां त्यानें मागणी केली, "मला बॅटीला चिकट रबर हवें. त्याशिवाय फिरकी येत नाहीं."

मातोश्री म्हणाल्या, "चिकट झालेलीं भांडीं आम्ही घांसून घांसून थकतों, आणि तूं चिकट वस्तु पैसे देऊन आणणार?" सर्वजण हंसले, पण मुलगा हंसला नाहीं. त्याच्या दृष्टीनें तो प्रश्न गंभीर होता. आम्ही कॉलेजांत असतांना हा खेळ थोडाबहुत खेळलों होतों. तेवढ्या भांडवलावर चौकशीचें काम सर्वानुमतें आम्हांकडे आलें. त्या कामांत आम्हीं जी चूक केली व तिच्यापासून जें शिकलों, तें इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

दुकानदार मोठा बोलका होता. त्यानें एका रबरावर चेंडू हलकेच दाबला आणि रबर उलटें धरलें. चेंडू खालीं न पडतां वटवाघळासारखा लोंबकळत राहिला! "पांच अंक मोजा, साहेब," तो म्हणाला. आम्हीं पांच मोजले. चेंडू सहाव्याला पडला. पुतण्याचे डोळे विस्फारले, आणि खरें सांगावयाचें तर आमचेहि. पुढें त्यानें मा लाँग या चिनी खेळाडूचें नांव घेतलें. २०१६ सालीं रियो येथें व २०२१ सालीं टोकियो येथें, असें लागोपाठ दोन ऑलिंपिकांत एकेरीचें सुवर्णपदक मिळविणारा हा खेळाडू उजव्या हाताच्या पुढच्या फटक्यासाठीं, म्हणजे फोरहँडसाठीं, अशाच जातीचें कठीण व चिकट रबर वापरीत असे. यापुढें काय विचारावयाचें? जगज्जेत्यास जें चाललें तें आमच्या पुतण्यास कां चालूं नये? आम्हीं त्या जातीचें सर्वांत कठीण आणि सर्वांत जाड रबर घेतलें, आणि अर्धवट काम नको म्हणून बॅटीच्या दोन्ही बाजूंस लावून आणलें.

परिणाम उलटा झाला. चेंडू जाळ्यांत जाऊं लागले. प्रतिपक्षाचा वेगवान चेंडू नुसता अडवावयास बॅट पुढें करावी, तों तो निर्जीव होऊन पायाशीं पडावा. जो मित्र आमच्या पुतण्याकडून नेहमीं हरत असे, त्यानें त्यास एका आठवड्यांत तीनदां हरविलें. तीन आठवडे लोटले, आणि एके सायंकाळीं मुलानें बॅट कपाटांत टाकून दिली. "काका," तो म्हणाला, "एक तर हें रबर खोटें आहे, नाहींतर माझा हात खोटा आहे. मला आतां खेळावयाचें नाहीं."

हे शब्द आमच्या मनास फार लागले. कारण रबरहि खोटें नव्हतें आणि हातहि खोटा नव्हता. खोटी होती ती आमची निवड. मुलास आपल्या हाताविषयीं शंका यावी, आणि ती आमच्या अज्ञानामुळें यावी, ही गोष्ट रबराच्या किंमतीपेक्षां कितीतरी महाग होती. आम्ही दुसऱ्याच दिवशीं ती बॅट घेऊन त्याला खेळ शिकविणाऱ्या सरांकडे गेलों. सरांनीं बॅट हातांत तोलून पाहिली, रबरावरून आंगठा फिरविला आणि एकच प्रश्न विचारला, "हें कोणी निवडलें?" आम्ही कांहींच बोललों नाहीं. त्यावरून सर काय तें समजले, आणि त्यांनीं आम्हांस समोर बसवून आरंभापासून सांगण्यास सुरुवात केली.

बॅट लांकडाची असते, हें आपण जाणतों. परंतु चेंडूशीं ज्याचा संबंध येतो तें लांकूड नव्हे, त्यावर चिकटविलेलें रबर होय. या रबराचे दोन थर असतात. वरचा पातळ पापुद्रा व त्याखालीं स्पंज. दोन्ही थर आणि मधील डिंक मिळून जाडी ४ मिलिमीटरांहून अधिक असूं नये, असा नियम आहे. वरच्या थराचें काम चेंडूस धरण्याचें, खालच्या थराचें काम चेंडूस परत फेंकण्याचें. रबराची निवड म्हणजे या दोन कामांचा मेळ कसा घालावा, याची निवड.

आतां फिरकीची एवढी मातब्बरी कां? टेबल २.७४ मीटर लांब, मधलें जाळें १५.२५ सेंटिमीटर उंच. नुसता जोरानें मारलेला चेंडू एवढ्याशा जागेंत पडत नाहीं, टेबलापलीकडे निघून जातो. परंतु चेंडू पुढच्या दिशेस गरगरत निघाला, तर हवा त्यास खालीं दाबते. त्यामुळें तो जाळ्यावरून उंच जाऊनहि चटकन् वळतो, टेबलावर पडतो आणि पडतांच उसळून पुढें झेंपावतो. उलट दिशेस फिरणारा चेंडू समोरच्या बॅटीस लागतांच खालीं जाऊं पाहतो आणि बेसावध खेळाडूकडून जाळ्यांत मारला जातो. निष्णात खेळाडूच्या फटक्यानें चेंडू सेकंदास शंभराहून अधिक वेळां फिरतो. ज्यास फिरकी देतां येते त्यास जोर आणि अचूकपणा ही दोन्हीं एकत्र नांदवितां येतात.

मग ही फिरकी रबराच्या चिकटपणानें येते काय? सर म्हणाले, "दुकानांत चेंडू लोंबकळला, त्यावरून एवढेंच सिद्ध झालें कीं, त्या रबरास २.७ ग्रॅम वजन क्षणभर पेलतां येतें. चेंडूचें वजन तेवढेंच असतें. खेळांत चेंडू रबरावर सुमारें एक सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्या वेळांत हातानें त्याला घांसून वर नेलें, तर तो फिरतो. नेलें नाहीं, तर चिकट रबर काय करील?"

ही गोष्ट आम्हीं रात्रीं घरीं सांगितली, तेव्हां मातोश्रींनीं ती आमच्यापेक्षां लवकर ओळखली. त्यांचें बालपण कोंकणांत गेलें. घरीं मोठ्या डेऱ्यांत ताक घुसळलें जाई. त्या म्हणाल्या, "रवीदोरासारखेंच कीं हें! गुळगुळीत झालेला दोर रवीवरून नुसता सरकतो, नवा काथ्याचा दोर घट्ट धरतो. पण दोरानें धरलें म्हणून कां कधीं रवी फिरते? ओढावें लागतें, बाबा. ओढणारा दमला कीं घट्ट दोरहि नुसता गुंडाळलेला राहतो." पुतण्या प्रथमच हंसला. आम्हांस वाटतें, चिकट रबराचें सारें शास्त्र या चार वाक्यांत आलें.

फिरकी देणाऱ्या रबरांच्या मुख्य जाती दोन. पहिली जात चिनी पद्धतीची, 'हरिकेन ३' हें जिचें प्रसिद्ध उदाहरण. हिचा वरचा थर चिकट आणि स्पंज कठीण. असें रबर हलक्या स्पर्शास मंद उत्तर देतें. म्हणून सर्व्हिस करतांना, किंवा चेंडू जाळ्यापाशीं आंखूड ठेवतांना, तें फार आज्ञाधारक असतें. पूर्ण ताकदीनें, कंबर व पाय वळवून मारलेल्या फटक्यास तें तितकीच जबर फिरकी देतें. मात्र अर्ध्या मनानें मारलेल्या फटक्यास तें कांहींच देत नाहीं. दुसरी जात जपानी व जर्मन पद्धतीची. हिचा वरचा थर हातास चिकट लागत नाहीं; पण चेंडू मऊ, ताणलेल्या स्पंजांत रुतून बसतो व रबर ताणून पुन्हां पूर्ववत् होतांना त्यास फिरवीत बाहेर फेंकतें. येथें रबर खेळाडूचें थोडें काम आपल्या अंगावर घेतें. अलीकडे या दोहोंचा संकरहि निघाला आहे. वर चिकट थर आणि खालीं उसळी घेणारा स्पंज. २०२० सालीं निघालेलें 'डिग्निक्स ०९ सी' हें त्यांपैकींच होय. हीं संकरित रबरें गुणी आहेत, परंतु त्यांची किंमत ऐकून गृहस्थाश्रमी माणसानें एकदां बसून घ्यावें हें बरें.

म्हणजे पहिली जात सावकारासारखी. जेवढें ठेवावें तेवढेंच, थोड्या व्याजासह, परत देणारी. दुसरी जात उदार काकूसारखी. मागितल्याहून चार लाडू अधिक वाढणारी. चौदा वर्षांच्या, अजून अंगानें न भरलेल्या मुलाची ठेव ती काय! आम्हीं त्यास जगांतील सर्वांत कडक सावकाराच्या दारांत उभें केलें होतें, आणि तेंहि दोन्ही बाजूंनीं.

साधनाचें सामर्थ्य आणि साधनाची मर्यादा, या दोन्ही गोष्टी आमच्या मुंबईनेंच एकदां पाहिल्या आहेत. १९५२ सालीं टेबल टेनिसचे जागतिक सामने मुंबईस भरले. आशिया खंडांत ते प्रथमच होत होते. तोंपर्यंत बहुतेक खेळाडूंच्या बॅटीवर दाणेदार पातळ रबर असे व चेंडू लागतांच स्पष्ट आवाज होई. त्या सामन्यांस जपानचा हिरोजी सातो नांवाचा एक चष्मिष्ट खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिच्यांतून आवाज जवळजवळ निघतच नसे. प्रतिपक्षास फटक्याचा जोर कानानें अजमावण्याची संवय. ती एकाएकीं निरुपयोगी झाली. पुरुषांच्या एकेरीचें विजेतेपद सातोनें जिंकलें. पण पुढें काय झालें, हें अधिक बोधप्रद आहे. स्पंज हळूहळू सर्वांच्याच बॅटीवर आला, १९५९ सालीं त्याच्या जाडीवर नियमानें मर्यादा घातली गेली, आणि सातोस एकेरीचें जगज्जेतेपद पुन्हां मिळालें नाहीं. नवें साधन प्रतिपक्षास एकदां चकित करतें. पण तें सर्वांच्या हातीं आलें कीं मग पुन्हां हाताचीच परीक्षा सुरू होते. आज तर चिकट रबर कोणत्याहि मोठ्या दुकानांत मिळतें. त्यानें चकित होणारें कोणी उरलें नाहीं.

यावरून चिकट रबर घेऊंच नये, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. किंबहुना २००० सालीं चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरांवरून ४० करण्यांत आला व २०१४ पासून सेल्युलॉइडच्या जागीं प्लॅस्टिकचा चेंडू येऊं लागला. या दोन्ही फेरबदलांनीं फिरकी थोडी मंदावली, आणि त्यामुळें चेंडूस घट्ट धरणाऱ्या रबराचें महत्त्व वाढलेंच आहे. प्रश्न एवढाच कीं, तें केव्हां, कोणत्या बाजूस आणि किती कठीण घ्यावें. सरांच्या सांगण्यांतून व आमच्या ठेंचांतून आम्हांस जें उमजलें तें असें.

प्रथम फटका पहावा, मग रबर. मुलाचा हात खालून वर, चेंडूस घांसून जात असेल व प्रत्येक चेंडूवर पुढें होऊन आक्रमण करण्याची त्याची वृत्ति असेल, तर चिकट रबर त्यास मानवेल. चेंडूवर सरळ आघात करणाऱ्यास किंवा मुख्यतः अडवून खेळणाऱ्यास तें मानवणार नाहीं. दुसरें असें कीं, तें आरंभीं फक्त फोरहँडच्या बाजूस लावावें. बॅकहँडचा फटका आंखूड असतो, त्यांत कंबरेचा जोर येत नाहीं. त्या बाजूस उसळी देणारें मऊ रबरच सोयीचें. स्वतः मा लाँगचीहि मांडणी अशीच, पुढें चिकट व मागें जपानी पद्धतीचें रबर, अशी होती. आम्हीं त्याच्या बॅटीची एकच बाजू ऐकली आणि दुसरी विचारलीच नाहीं!

तिसरी गोष्ट कठीणपणाची. रबरावर अंशांचा आंकडा छापलेला असतो. परंतु चिनी मोजणी निराळी व जर्मन मोजणी निराळी. चिनी ३९ अंश हे ढोबळ मानानें जर्मन पन्नासाच्या घरांत जातात. आंकडा लहान दिसला म्हणून रबर मऊ समजूं नये. वाढत्या वयाच्या मुलानें त्या जातींतील मऊ प्रत घ्यावी. जाडीसहि तोच न्याय लागू. अत्यंत जाड स्पंजाऐवजीं २ मिलिमीटरांच्या आसपासचा स्पंज आरंभीं बरा. त्यानें बॅटीचें वजनहि आटोक्यांत राहतें व मनगट दुखत नाहीं. शिवाय एकाच नांवाखालीं सामान्य बाजारासाठीं एक व निवडक खेळाडूंसाठीं दुसरी, अशा प्रती निघतात; म्हणून जगज्जेत्याच्या हातांतील रबर आणि दुकानांतील रबर हीं नांवानें सारखीं असलीं तरी एकच असतील, असें धरून चालूं नये. सामन्यांत खेळावयाचें तर आंतरराष्ट्रीय संघाच्या मान्यतेची खूण मुठीजवळ दिसते कीं नाहीं, तेंहि पाहून घ्यावें.

शेवटची गोष्ट आपल्या हवेची. चिकट रबर धूळ चटकन् ओढून घेतें, आणि दमट दिवसांत त्यावर ओलसरपणा धरला कीं चेंडू सुटूं लागतो. कोंकण व मुंबईकडील वाचकांनीं पावसाळ्यांत हें विशेष लक्षांत ठेवावें. खेळ संपल्यावर ओल्या स्वच्छ स्पंजानें रबर हलकेच पुसावें, सांवलींत वाळूं द्यावें व वर पारदर्शक कागद बसवून ठेवावें. उन्हांत कदापि ठेवूं नये. ज्या घरांत देवाचीं उपकरणीं रोज घांसून ठेवण्याची शिस्त आहे, त्या घरांतील मुलांस ही शिस्त कठीण जाऊं नये.

हें सर्व समजल्यावर आम्हीं पुन्हां खर्च केला. बंधु म्हणाले, "या वर्षीं आंब्याची एक पेटी कमी आणूं." फोरहँडला मऊ प्रतीचें चिकट रबर व बॅकहँडला उसळी देणारें साधें रबर लावलें. सरांनीं त्याच्याकडून रोज अर्धा तास फक्त घांसण्याचाच फटका करवून घेण्यास सुरुवात केली. जोर नाहीं, गुण मोजणें नाहीं; नुसतें रवीदोर ओढणें!

महिन्याभरानें आमच्या भावजयीस मुलांच्या खोलींत एक उग्र वास आला. टेबलाच्या खणांत एक लहानशी बाटली व कुंचला सांपडला. हें तेल स्पंजास लावलें असतां तो फुगतो व रबराची उसळी वाढते. कठीण चिकट रबरास तर तें विशेष लावतात. परंतु बॅटीवरील रबरावर कोणतीहि रासायनिक अथवा अन्य प्रक्रिया करूं नये, असा खेळाचा स्पष्ट नियम आहे. एका मित्रानें तें त्यास दिलें होतें. मुलगा खालीं पाहून म्हणाला, "सगळेच लावतात, काका. पंचांना कळत नाहीं."

आम्हीं रागावलों नाहीं. त्यास जवळ बसवून म्हणालों, "सगळे लावतात, हें खरेंहि असेल. पण तूं लावलेंस तर तें तुला ठाऊक असेल आणि आतां आम्हांलाहि. पंच दोन झाले कीं नाहीं? आणि मुख्य गोष्ट ही कीं, उद्यां तुझा चेंडू चांगला फिरला, तर तो तुझ्या हातानें फिरला कीं बाटलीनें, हें तुला स्वतःलाच कधीं कळणार नाहीं. तुझ्या हाताविषयींची ती शंका आम्हीं एकदां आमच्या मूर्खपणानें तुझ्या मनांत घातली. आतां तूं ती आपल्या हातानें घालूं नकोस." तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून त्यानें बाटली आपल्या वडिलांच्या हातांत दिली. रबरास तेल अजून लागलें नव्हतें.

निवडीचा दिवस आला. गोष्ट सांगण्याच्या भरांत आम्ही खोटें सांगणार नाहीं. त्याची निवड झाली नाहीं. शेवटच्या सामन्यांत त्याच्याहून दोन वर्षांनीं मोठ्या मुलानें त्यास हरविलें. पण त्या सामन्यांत त्यानें फोरहँडनें घांसून मारलेले कांहीं चेंडू जाळ्यावरून उंच जाऊन असे वळले कीं, समोरच्या मुलाची बॅट त्यांच्याखालीं पोंचलीच नाहीं. बाजूस उभे असलेले सर आमच्याकडे पाहून एवढेंच म्हणाले, "हा हाताचा."

घरीं येतांच मातोश्रींनीं विचारलें, "काय रे, फिरली कां रवी?" "चार-पांच वेळां फिरली, आजी," तो म्हणाला. मग त्यानें बॅट काढली, ओल्या स्पंजानें रबर पुसलें, तें सांवलींत वाळत ठेवलें, आणि हातपाय धुऊन तो पानावर येऊन बसला.